सत्र, संसार आणि शरीर

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा विषय निवडायची मुभा दिली. एरवी विहारात प्राध्यापक बोलायला उभा राहिला की तो इतिहास सांगतो, राज्यघटना सांगतो, नाहीतर स्पर्धा परीक्षेवर मार्गदर्शन करतो. आज आम्ही जरा घरगुती विषय घेतला आहे. ऐन सत्राच्या धामधुमीत प्राध्यापकाने नोकरी, घर आणि तब्येत या तिन्ही गोष्टी कशा सांभाळाव्यात, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, यात समाजाचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या भागात शिक्षक-प्राध्यापकांची घरे आहेत, आणि जिथे नाहीत तिथे एखादा पोरगा नाहीतर पोरगी नेट-सेटचा अभ्यास करीत बसलेली आहे. ज्या खुर्चीसाठी ही लेकरे जिवाचे रान करतात, त्या खुर्चीवर बसल्यानंतर माणसाचे काय होते, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

लोकांचा समज असा, की प्राध्यापकासारखी सुखाची नोकरी नाही. सातव चौकात चहा घ्यायला उभे राहिलो की कोणी ना कोणी म्हणतोच, "सर, तुमचं बरं हाये बुवा. दोन पिरेड घेतले का मोकळे. वरून उन्हाळ्याच्या सुट्या." तर या दोन पिरेडचा हिशेब आज मांडूनच टाकू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पूर्णवेळ शिक्षकाचे कामाचे तास आठवड्याला ४० धरलेले आहेत. असे ३० आठवडे, म्हणजे अध्यापनाचे १८० दिवस. त्यातले प्रत्यक्ष वर्गावरचे तास सहायक प्राध्यापकाला १६, आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांना १४. म्हणजे चाळिसातून सोळा गेले, उरले चोवीस. लोकांना दिसतात ते सोळा. हे चोवीस कुठे जातात?

ते जातात तासाच्या तयारीत. घटक चाचणीचे गठ्ठे तपासण्यात. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण संगणकात भरण्यात, आणि भरताना साइट बंद पडली की पुन्हा भरण्यात. नॅकच्या फायलीत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, प्रवेश समितीत, परीक्षा समितीत आणि पदोन्नतीसाठी लागणाऱ्या शोधनिबंधात. पूर्वी वार्षिक पद्धत होती तेव्हा पावसाळ्यात शिकवायला सुरुवात केली की उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा परीक्षा यायची. सत्र पद्धतीत तेच चाक वर्षातून दोनदा फिरते. हिवाळी परीक्षा संपते न संपते तोच उन्हाळी परीक्षेचे अर्ज सुरू. त्यात २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. श्रेयांक आले, नवे विषय आले, नवे वेळापत्रक आले. बदल वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण प्रत्येक बदलाचे कागद शेवटी कोणाच्या तरी टेबलावर येऊन पडतात, एवढेच सांगतो.

आणि हे झाले कायम नोकरीवाल्याचे. तासिका तत्त्वावरच्या आमच्या तरुण सहकाऱ्यांचे काय? त्यांना जितके तास घेतले तितक्याचे पैसे. सुटीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या. कोणी बाळापूरला जातो, कोणी मूर्तिजापूरला, कोणी बार्शीटाकळीला. डबा एसटीत उघडायचा आणि एसटीतच बंद करायचा. ताप आला तरी हा पोरगा वर्गावर उभा राहतो, कारण झोपून राहिला तर त्या दिवसाचे पैसे गेले. त्याला जर कोणी म्हटले, "तब्येतीची काळजी घे", तर तो हसतो. त्या हसण्याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे.

आता घराकडे येऊ. आपल्या समाजातल्या प्राध्यापकाचे घर इतरांच्या घरासारखे नसते. पुष्कळदा तो त्याच्या भावकीतला पहिला पगारदार असतो. खेड्यावर आई-वडील, थोरला भाऊ शेतमजुरीला, बहिणीचे लेकरू अकोल्याला शिकायला आलेले. कोणाला सर्वोपचार रुग्णालयात भरती करायचे असेल तर फोन त्याला. कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर अडकला तर फोन त्याला. जातीचा दाखला, पडताळणी, लग्नाचा हॉल, पोलिस ठाण्यातला तंटा, विहाराची वर्गणी, सगळ्यांना एकच नंबर पाठ. आणि तो 'नाही' म्हणू शकत नाही. कसा म्हणेल? याच माणसांनी अर्धी भाकर खाऊन त्याला वसतिगृहात ठेवले होते. रात्री दहाला खेड्यावरून आईचा फोन येतो, "बाबू, जेवला काय रे?" त्याच फोनवर पुढचे वाक्य असते, "तुया मामाच्या पोराचं काय झालं?" माय दोन्ही गोष्टी मनापासूनच विचारते.

आणि प्राध्यापिकेचे? तिचे सत्र पहाटे पाचला स्वयंपाकघरात सुरू होते. चार डबे, लेकरांचा गणवेश, सासूबाईंच्या गोळ्या, मग गाडीला किक मारून पहिला तास. पुरुष प्राध्यापक संध्याकाळी घरी आला की "अहो, थकले असाल, चहा ठेवते" असे ऐकतो. प्राध्यापिका घरी आली की विचारतात, "भाजी आणली का?" दोघांची पदवी एक, दोघांचे तास एक, दोघांना लागणारी पीएच.डी. एक. मग संध्याकाळ वेगळी का? आम्ही हा प्रश्न इथे बसलेल्या कर्त्या मंडळींना विचारतो आहोत. उत्तर घरी जाऊन द्यावे.

या सगळ्यात सर्वात शेवटी नंबर लागतो शरीराचा. शरीर बिचारे मुके असते. ते बरेच दिवस काही बोलत नाही. मधुमेह आणि रक्तदाब हे दोन्ही असेच गुपचूप येतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, नाहीतर तीन महिन्यांची साखर साडेसहा टक्के किंवा वर निघाली की डॉक्टर मधुमेह धरतात, आणि त्रास नसेल तर खात्रीसाठी तपासणी पुन्हा करतात. रक्तदाब वारंवार मोजून १४० / ९० च्या घरात किंवा वर राहिला तर त्याकडे लक्ष द्यावेच लागते. यातले काही दुखत नाही, म्हणून माणूस म्हणतो, "परीक्षा आटोपली की दाखवू." सत्र पद्धतीत परीक्षा आटोपतच नाही.

आमच्या एका सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. मधुमेहाची गोळी रोज वेळेवर घेणारा शिस्तीचा माणूस. त्या दिवशी सकाळी गोळी घेतली, आणि केंद्रावर लवकर पोहोचायचे म्हणून जेवण न करता निघाला. तीन तासांचा पेपर, उभ्याने पर्यवेक्षण, एप्रिलचा महिना. दुसऱ्या तासाला दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणे तुटक झाले. पोरांना वाटले सर रागावले. एका विद्यार्थिनीच्या घरी मधुमेहाचा रुग्ण होता, तिने ओळखले आणि ओरडली, "सरांना साखर द्या!" शिपायाने चहाच्या डब्यातली साखर पाण्यात कालवून पाजली, तेव्हा माणूस भानावर आला. हे सांगण्याचे कारण असे, की साखर वाढते हे सर्वांना ठाऊक असते, पण गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले तर साखर एकाएकी उतरते, आणि ते जास्त तातडीचे असते. सत्तरच्या खाली गेली की धोका. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज लगेच द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघावे, मग जेवू घालावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा. ही माहिती प्रत्येक परीक्षा केंद्रावर आणि प्रत्येक घरात असायला पाहिजे.

दुसरे आपले वऱ्हाडचे ऊन. उन्हाळी परीक्षा म्हणजे एप्रिल-मे, आणि अकोल्यात त्या दिवसांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. अशा वेळी बाया पाणी पीत नाहीत. का? कारण बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृह धड नसते. पाणी कमी पिण्याने लघवीचा जंतुसंसर्ग होतो, मूतखड्याला जागा मिळते. म्हणजे स्वच्छतागृहाचा प्रश्न हा इमारतीचा नाही, तो तब्येतीचा आहे. तिसरी गोष्ट आवाजाची. ऐंशी-नव्वद पोरांच्या वर्गात, वर गरगरणारा पंखा, बाहेर रस्ता, तिथे चार तास ओरडून शिकवायचे. घसा बसला की आपण खडीसाखर चघळतो. पण आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

बंधू-भगिनींनो, आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा विषय निघाला की आपल्यातला कोणीतरी लगेच म्हणतो, "तुम्ही थकवा थकवा काय करता? बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत." जयंतीला आपण मुलांकडून अठरा तास अभ्यासाचा उपक्रम करून घेतो. चांगला उपक्रम आहे. पण बाबासाहेब हे स्वतः प्राध्यापक होते, आणि त्या प्राध्यापकाचे सत्र कसे जात होते, हे आपण कधी नीट पाहिले आहे काय? आज ते पाहू.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी. पण बाबासाहेब परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहिले. पगारातला काही भाग रमाईच्या हाती संसारासाठी, बाकीचा लंडनचे अर्धवट शिक्षण पुरे करण्यासाठी शिल्लक. वर्गात त्यांचे शिकवणे असे, की दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी ऐकायला येऊन बसत. आणि शिक्षकांच्या खोलीत? तिथल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. आज आपण कामाचा ताण म्हणतो, तेव्हा हा ताणही मोजला पाहिजे. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि त्याच वर्षी ते लंडनला गेले. मागे चाळीत रमाई.

१९२३ मध्ये ते परत आले. जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात वकिली सांभाळून ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. याच काळात, जुलै १९२६ मध्ये, लाडका राजरत्न गेला. रमाईच्या पाच लेकरांपैकी चार अशी हातची गेली, एकटे यशवंतराव राहिले. ज्या घरात असे झाले, त्या घरातला माणूस दुसऱ्या दिवशी खडू हातात घेऊन वर्गावर कसा उभा राहत असेल, याचा विचार करावा. आणि ती माय घरात कशी राहत असेल, याचा त्याहून जास्त.

मग आले १९२८ साल. जूनमध्ये ते सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले. त्याच महिन्यात 'समता' हे पत्र सुरू झाले. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी दलितवर्ग शिक्षण संस्था उभी राहिली तीही त्याच महिन्यात. 'बहिष्कृत भारत' चालूच होते, आणि त्याचे रकानेच्या रकाने स्वतःच लिहायचे. मुंबई कायदेमंडळाचे सभासदत्व होते. ऑगस्टमध्ये सायमन कमिशनबरोबर काम करणाऱ्या मुंबई प्रांताच्या समितीवर निवड झाली. २३ ऑक्टोबर १९२८ ला पुण्यात कमिशनपुढे साक्ष. ही झाली एका पहिल्या सत्राची यादी. आमच्या मंडळींनी आपापले सत्र त्या यादीशेजारी ठेवून पाहावे.

आणि १९३५. वर्षानुवर्षांच्या आजारपणानंतर २७ मे १९३५ ला रमाई राजगृहात गेल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबासाहेबांनी लॉ कॉलेजचे प्राचार्यपद हाती घेतले. मध्ये आठवडासुद्धा धड गेला नाही. त्याच सत्रात, १३ ऑक्टोबरला, येवल्याची ऐतिहासिक परिषद. मे १९३८ पर्यंत ते प्राचार्य होते. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. हालाखीच्या दिवसांत रमाईंनी त्यांच्याबरोबर किती धीराने सोसले, हे त्यांनी असे छापून ठेवले आहे.

शरीराचेही तेच. मधुमेह, पायांचे असह्य दुखणे, रात्रीची झोप नाही. राज्यघटनेचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये तयार झाला तेव्हा प्रकृती पार ढासळली होती. १५ एप्रिल १९४८ ला त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला, त्या आपल्या माईसाहेब. त्या स्वतः डॉक्टर होत्या. आणि ६ डिसेंबर १९५६ ला पासष्टाव्या वर्षी बाबासाहेब आपल्याला सोडून गेले.

हे सारे आम्ही रडू आणण्यासाठी सांगितले नाही. सांगायचे ते वेगळेच आहे. आपण या जीवनातले अठरा तास तेवढे उचलतो. त्या अठरा तासांची किंमत कोणी भरली, ते सोडून देतो. ती किंमत रमाईने भरली, चार लेकरांनी भरली, आणि त्यांच्या स्वतःच्या शरीराने भरली. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. शतकानुशतकांचे काम, आणि करणारी शिकलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून एका माणसाने दहा माणसांचे काम अंगावर घेतले. पण त्यांनी वसतिगृहे कशासाठी काढली? १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचे कॉलेज, म्हणजे आजचे मिलिंद, हे कशासाठी उभे केले? पुढे शेकडो, हजारो शिकलेली माणसे व्हावीत आणि हा भार वाटून घेतला जावा, यासाठीच ना? मग आज इतकी माणसे शिकल्यावरही आपण पुन्हा एकाच माणसाच्या, एकाच बाईच्या पाठीवर सगळे टाकत असू, तर त्यांचा आदर्श आपण पाळला असे कसे म्हणायचे? एकट्याने मरमर करणे ही त्यांची मजबुरी होती. वाटून घेणे ही आपली जबाबदारी आहे.

तथागतांकडे याविषयी काय आहे? सोण नावाचा श्रीमंताचा मुलगा भिक्खू झाला होता. साधनेचा ध्यास एवढा, की अनवाणी चंक्रमण करून करून पायांतून रक्त आले. तरी फळ दिसेना, म्हणून तो घरी परतायच्या विचारात पडला. तथागतांनी त्याला त्याच्याच जुन्या विद्येचा प्रश्न केला. वीणेच्या तारा फार ताणल्या तर सूर निघतो का? फार सैल सोडल्या तर निघतो का? सोण समजला. लक्षात घ्या, तथागतांनी त्याला वीणा खाली ठेवायला सांगितले नाही. तार जुळवायला सांगितले. दुसरी गोष्ट कोसलचा राजा पसेनदी याची. तो भरपूर जेवून धापा टाकत तथागतांपुढे येऊन बसला. तथागतांनी मोजके जेवण्याचा उपदेश केला. राजाने तो सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावला आणि रोज जेवताना म्हणून दाखवायला सांगितले. हळूहळू आहार कमी झाला, अंग हलके झाले. यातली युक्ती बघा. राजालाही एकट्याने पथ्य जमले नाही. आठवण करून देणारा माणूस जवळ लागला.

तेव्हा आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो. यात नवे शास्त्र नाही, पण करण्यासारखे आहे.

प्राध्यापक मंडळींनी तपासणी सत्राला बांधून टाकावी. सत्र सुरू झाले की पहिल्या आठवड्यात साखर आणि बी.पी., म्हणजे वर्षातून दोनदा आपोआप होते. ज्यांना आधीच आजार आहे त्यांनी डॉक्टर सांगतील तसे. गोळी घेतली की जेवण चुकवायचे नाही, खिशात साखरेची पुडी ठेवायची. रोज अर्धा तास पायी चालायचे. नेहरू पार्कापर्यंत गाडीने जाऊन तिथे गप्पा मारायच्या, याला फिरणे म्हणत नाहीत. आणि 'नाही' म्हणायला शिकायचे. 'नाही' जड जात असेल तर निदान 'आज नाही, रविवारी' असे म्हणायचे.

घरच्यांनी कामाची वाटणी कागदावर लिहावी. तोंडी वाटणी टिकत नाही. संध्याकाळचा चहा, भाजी, लेकरांचा अभ्यास, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, प्रत्येकापुढे नाव. परीक्षेच्या महिन्यात ज्याच्यावर कॉलेजचा भार जास्त, त्याच्या नावावरची कामे दुसऱ्याने घ्यावीत. नवऱ्याने पोळ्या लाटल्याने त्याची पीएच.डी. रद्द होत नाही.

महाविद्यालयांनी वेळापत्रकात जेवणाची सुटी खरी ठेवावी. आजारी माणसाला उभ्याने पर्यवेक्षण देऊ नये. स्त्रियांचे स्वच्छतागृह परीक्षेआधी तपासावे. रात्री आठनंतर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आदेश टाकू नयेत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला कागदाने रजा मिळत नसेल तर एवढे तरी करावे, की आजारपणात बुडलेला तास पुढे भरून काढायला त्याला मिळावा.

आणि आता विहार. आमची खरी मागणी विहाराकडे आहे. इथे निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून, रेल्वेतून, एसटीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी इथे टेबल टाकून बसावे आणि शिष्यवृत्तीचे, दाखल्याचे, प्रवेशाचे अर्ज भरून द्यावेत. म्हणजे सगळे फोन एकाच सरांना जाणार नाहीत. रविवारच्या वंदनेनंतर आपल्यातल्या एखाद्या परिचारिका ताईंनी मशीन घेऊन अर्धा तास बी.पी. बघावे आणि वहीत लिहून ठेवावे. संध्याकाळी सहा ते आठ लेकरांची अभ्यासिका चालवावी, म्हणजे तेवढे दोन तास घरातल्या बाईला स्वतःचे मिळतील. आणि दवाखान्याची पाळी लावावी. खेड्यावरचा कोणी माणूस भरती झाला, तर रात्री जागायला कोण, सकाळी डबा कोणाचा, हे ठरलेले असावे. एका दुर्लक्षित आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले होते, आणि मग भिक्खूंना विचारले होते, की तुम्ही एकमेकांना बघणार नाही तर कोण बघणार? या पाळीला म्हणूनच आम्ही धम्मकार्य म्हणतो.

जाता जाता समितीला एक विनंती. परीक्षेच्या दिवसांत वक्ते म्हणून प्राध्यापकांना बोलावू नका, आणि बोलावले तर रात्री नऊला सोडा. आज घड्याळात पावणेनऊ झालेले आम्हाला दिसत आहेत. उद्या सकाळी पहिल्या तासाला वर्गावर उभे राहणारे इथे चौघे-पाच जण तरी बसलेले आहेत, आणि त्यांची तयारी व्हायची आहे. अर्जाच्या टेबलासाठी आणि दवाखान्याच्या पाळीसाठी एक वही दाराजवळ ठेवली आहे. खीरदान घेण्याआधी तिच्यात नाव लिहावे. एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय. जयभीम.